पारोशी कार्बाइन

आमच्या घरात शस्त्रं होती, हे मी कॉलेजात जाईपर्यंत एकाही मराठी मैत्रिणीला सांगितलं नव्हतं. मिशिगनमधल्या ट्रॉय गावात आमच्या ओळखीच्या मराठी घरांतून काका लोकांचे छंद ठरलेले असत. कुणी टेनिस खेळे, कुणी मंडळाच्या नाटकात दरवर्षी इन्स्पेक्टर होई, आणि ज्यांना यातलं काहीच जमत नसे ते बेसमेंटमध्ये बार बांधत. माझ्या बाबांच्या बेसमेंटमध्ये एक लोखंडी कपाट होतं आणि त्यात दुसऱ्या महायुद्धातल्या तीन कार्बाइन होत्या. कार्बाइन म्हणजे आखूड, हलकी रायफल. लहान मुलाला कडेवर घ्यावं तशी बाबा ती उचलत. ते आयुष्यात कधी शिकारीला गेले नाहीत. घरात मुंगी दिसली तर कागदावर घेऊन तिला अंगणात सोडून येणारा माणूस. गोळ्यांची पेटी तर आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आलीच नाही. त्यांना वेड होतं त्या यंत्राचं, आणि त्याहून जास्त ते कुणाच्या हातचं आहे याचं.

बाबा मोटारींच्या स्टिअरिंगचे भाग डिझाइन करत. एकदा कँटीनमध्ये एका वयस्क सहकाऱ्यानं त्यांना सांगितलं, की युद्धाच्या काळात आपल्या मिशिगनमधल्याच एका स्टिअरिंगच्या कारखान्यात कार्बाइन तयार होत. झालं, तिथून सुरुवात. टाइपरायटरवाले, नाणं टाकून गाणी वाजवायच्या पेट्या बनवणारे, अशा ज्यांचा बंदुकीशी काडीचा संबंध नव्हता त्या सगळ्यांना सरकारनं या कामाला जुंपलं होतं, आणि प्रत्येकानं आपापल्या भागावर आपली खूण ठोकली होती. युद्ध संपल्यावर या बंदुका दुरुस्तीला गेल्या. तिथे भाग सुटे करून ढिगात टाकले आणि हाताला येईल तो भाग लावून त्या पुन्हा जोडल्या. सुरुवातीच्या बंदुकांच्या लाकडी दस्त्याची वरची कड उंच असे, तीही या दुरुस्तीत तासून खाली आणली. त्यामुळे जन्मली तशीच राहिलेली, सगळे भाग एकाच कारखान्याचे असलेली, उंच कडेची कार्बाइन म्हणजे या छंदातल्या लोकांना देव भेटल्यासारखं. आमच्या तिघी तशा नव्हत्या. बाबा त्यांना कडबोळं म्हणत. त्यांना जपायचं असं काही नव्हतं, म्हणूनच त्या माझ्या हाती असत. कुठला स्क्रू ढिला केला की लाकूड सुटं होतं, लोखंडाला पाणी का लागू द्यायचं नाही, हे मी तेराव्या वर्षी शिकले. शनिवारी सकाळी वर आईच्या कुकरच्या शिट्ट्या, खाली स्प्रिंगचा टक् असा आवाज आणि बाबांचं बेसूर गुणगुणणं. माझ्या लहानपणाचा आवाज कुठला असं कुणी विचारलं तर मी हाच सांगेन.

मग तो सप्टेंबर आला, ज्याच्यानंतर आमच्यासारख्या रंगाच्या माणसांकडे विमानतळावर आणि पेट्रोल पंपावर लोक वेगळ्या नजरेनं बघायला लागले. बाबांनी गन शोला, म्हणजे बंदुकांच्या प्रदर्शनांना, जाणं बंद केलं. कपाटावर आईनं जुनी चादर टाकली. वर्षभरानं त्यांना राहवेना म्हणून ते मला घेऊन एका प्रदर्शनाला गेले. एका टेबलावर त्यांनी एक कार्बाइन बघायला मागितली, तर टेबलापाशी बसलेल्या माणसानं तिच्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "ही बघण्यासाठी नाहीये." बाकीचे लोक ती उचलून बघत होते, ते आम्हाला दिसत होतं. बाबा "ओके, थँक यू" म्हणाले. त्यांचं ते थँक यू मला आजही सहन होत नाही. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून एक उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस उठला, आपली स्वतःची कार्बाइन दोन्ही हातांनी उचलून त्यानं बाबांच्या हातात दिली आणि म्हणाला, "ही बघा. घाई नाही. मी कॉफी घेऊन येतो." आणि तो खरंच कॉफी आणायला निघून गेला. ते वॉल्टर.

वॉल्टर कारखान्यांची अवजारं घडवणारे निवृत्त टूलमेकर होते, एकटेच राहत. दर दुसऱ्या शनिवारी ते आमच्याकडे येऊ लागले. मोठ्या माणसाला नुसत्या नावानं हाक मारायची नाही, या आईच्या कायद्यातून अमेरिकन माणसांनाही सूट नव्हती, म्हणून ते वॉल्टरकाका झाले. बाबांचं दिनकर हे नाव त्यांच्या जिभेवर 'डिंक' होऊन बसलं. आई म्हणायची, "डिंकाचे लाडू करते, तुम्ही दोघं खाली तेच चिकटवत बसा." ते पोह्यांवर लिंबू पिळून खात, मिरची बाजूला काढत आणि शेवटी ती मिरचीही खाऊन टाकत. ते आमच्या घरी कधी मोठ्यानं बोलल्याचं मला आठवत नाही. बाबा त्या दोन वर्षांत पुन्हा सरळ खांद्यांनी चालायला लागले, ते बऱ्याच अंशी या माणसामुळे, असं मला वाटतं.

आता जी गोष्ट मला सगळं झाल्यावर कळली, ती इथे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं नीट समजेल. वॉल्टरकाकांची आई, हेलनआजी, युद्धाच्या काळात त्याच स्टिअरिंगच्या कारखान्यात तपासनीस होत्या. तयार दस्ता हातात घ्यायचा, अंगठा फिरवायचा, बरोबर असला तर नळी बसते त्या खोबणीत आपल्या नंबराचा निळ्या शाईचा शिक्का मारायचा. त्यांचा नंबर होता एकसष्ट. त्या शिक्क्याची कुणा संग्राहकाला फिकीर नव्हती. शाई कधीच उडून गेलेली असे. वॉल्टरकाकांनी मात्र बावीस वर्षं प्रत्येक प्रदर्शनात, प्रत्येक उंच कडेच्या दस्त्याची खोबणी बॅटरी लावून पाहिली होती. आणि त्या वर्षी त्यांना ती मिळाली. मूळची, न तासलेली कार्बाइन, आणि खोबणीत पुसट गोल, त्यात एकसष्ट. हेलनआजी तेव्हा चौऱ्याऐंशीच्या पुढे, वृद्धाश्रमात, मुलाला कधी ओळखत कधी नाही. त्यांचा वाढदिवस रविवारी होता. नुसतं लाकूड घेऊन जायचं आणि त्यांना त्यांचा शिक्का दाखवायचा, असं काकांनी ठरवलं होतं. त्याआधी बाबांनी आपल्या चांगल्या कॅमेऱ्यानं त्याचे फोटो काढावेत म्हणून ते सोमवारी ती आमच्याकडे ठेवून गेले. स्वतःची वस्तू ते पहिल्यांदाच दुसऱ्याच्या घरी ठेवत होते. बाबांना मंगळवारी पहाटे मेक्सिकोच्या प्लांटला जायचं होतं. ते गुरुवारी परतणार आणि मग फोटो काढणार. पेटी माझ्याकडे देऊन म्हणाले, "कपाटात ठेव." एवढंच.

गुरुवारी खंडेनवमी होती. आमच्याकडे या दिवसाला दिवाळीपेक्षा जास्त मान. पाटावर बाबांची अवजारं, म्हणजे व्हर्निअर आणि टॉर्क रेंच, आईनं नाशिकहून साड्यांत गुंडाळून आणलेली विळी, लॅपटॉप, माझा ग्राफिंग कॅल्क्युलेटर, दोन्ही गाड्यांच्या किल्ल्या, आणि मग कार्बाइन. मागच्या अंगणातल्या शेवटच्या झेंडूंचे हार. आईचा नियम असा, की पूजेला बसणारी वस्तू पारोशी नसावी. माणूस आंघोळीशिवाय देवापुढे जात नाही, तर ज्या अवजारावर आपण जेवतो त्यानं का जावं? त्यामुळे आदल्या दिवशी सगळं घासून-पुसून लख्ख व्हायचं, आणि ते काम माझं.

बुधवारी शाळेतून आल्यावर मी आमच्या तिघी काढल्या. आईनं विचारलं, "आणि ती वॉल्टरकाकांची?"

"ती त्यांची आहे ना. आपल्या पूजेत कशाला?"

"अगं, दसऱ्याला पाहुणी आलीय घरात. आपल्या तिघींची पूजा करायची आणि तिला अंधारात पारोशी ठेवायची? बरं दिसतं का ते?" आई कणीक मळत होती, हात न थांबवता म्हणाली, "त्यांना केवढं बरं वाटेल बघ."

मलाही पटलं. बाबा घरी येतील, बघतील आणि खूश होतील, हे चित्र तर मला फारच आवडलं. पेटी उघडली तर दस्ता काळपट, चिकट, साठ वर्षांचा मळ बसलेला. मी सोळा वर्षांची होते आणि जे काळं ते घाण, एवढंच मला ठाऊक होतं. मी लाकूड सुटं केलं. लोखंड कोरड्या पंच्यात गुंडाळून बाजूला ठेवलं, त्याला एक थेंबही लागू दिला नाही, आणि आपण केवढी काळजी घेतोय म्हणून स्वतःलाच शाबासकी दिली. मग वरच्या बाथटबमध्ये कोमट पाणी, भांड्यांचा साबण, तारेची घासणी. शेवटी सगळ्या कडांवरून बाबांच्या ड्रॉवरमधला बारीक पॉलिश पेपर. पाणी कॉफीसारखं निघालं. आतल्या खोबणीत एक निळसर डाग होता, तो काही केल्या जाईना. त्याच्यावर मी पंधरा-वीस मिनिटं घालवली असतील. बोटाभोवती पॉलिश पेपर गुंडाळला आणि निघेपर्यंत सोडलं नाही. हे लिहिताना माझं ते बोट अजून दुखतं असं म्हटलं तर कुणाला खरं वाटणार नाही, पण दुखतं. मग पुसून, वाळवून खोबरेल तेल लावलं. दस्ता मधाच्या रंगाचा झाला. आईनं तोंडभरून कौतुक केलं. "कशी उजळली बघ," म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी तिला हळद-कुंकू वाहताना सगळ्यांत मोठं फूल तिनं या पाहुणीला दिलं.

गुरुवारी संध्याकाळी बाबा आले. बॅग दारात ठेवली, हातपाय धुऊन पाटासमोर नमस्काराला वाकले आणि वाकलेलेच राहिले. मग त्यांनी ती कार्बाइन उचलली, लाकूड सुटं केलं आणि समईजवळ नेऊन खोबणीत पाहिलं. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"इथे निळं काही होतं का गं?"

"हो, बाबा. डाग होता. किती स्टबर्न! पण काढला मी शेवटी."

मी हसत होते. हे मला विसरता येत नाही, की मी तेव्हा हसत होते. बाबा तिथेच जमिनीवर बसले. त्यांनी शिक्क्याची, हेलनआजींची, रविवारची सगळी हकिकत सांगितली. आवाज चढवला नाही. आई मधेच म्हणाली, "अहो, मीच तिला म्हटलं हो. तिचा काय दोष?" बाबा म्हणाले, "मी सांगून जायला हवं होतं. दोन शब्द सांगायला किती वेळ लागतो?" त्या रात्री पानात पुरणपोळी होती आणि तिघांपैकी कुणीच ती संपवली नाही.

शनिवारी वॉल्टरकाका आले. आम्हाला काय बोलायचं ते शिकवून ठेवावं असं बाबांच्या मनात आलं नव्हतं, आणि त्यांनी स्वतः काय ठरवलंय हे आम्हाला माहीत नव्हतं. दार उघडताच, काकांनी टोपी काढायच्या आत, बाबा म्हणाले, "वॉल्टर, माझ्या हातून फार मोठी चूक झाली. आमचा सण होता. मी ती धुतली. शिक्का गेला."

काकांनी टोपी काढून हातात धरली. मग म्हणाले, "तू धुतलीस?"

"मी."

"पण डिंक, तुला माहीत होतं."

मी जिन्यात उभी होते. या एका वाक्यानं सगळं बदललं, आणि ते मला त्याच क्षणी कळलं होतं. मी केलं ते न कळत केलं होतं. बाबांनी ते आपल्या अंगावर घेतल्यावर ते जाणूनबुजून झालेलं ठरलं. ज्या माणसाला काय ते ठाऊक होतं, ज्याच्यावर विसंबून ती ठेवली होती, त्यानं केलेलं. मला फक्त 'मी' म्हणायचं होतं. एक अक्षर. आई स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाशी धरून माझ्याकडे बघत होती. मी बोलले नाही. घाबरले होते असं म्हणायची सोय आहे, पण खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं होतं. काकांनी लाकूड हातात घेतलं, खोबणीत पाहिलं, परत पेटीत ठेवलं. "उद्या दहाला निघू," म्हणाले. "इंडियातला मित्र येणार असं आईला सांगून ठेवलंय. ठरलंय ते ठरलंय." पोह्यांना ते थांबले नाहीत.

रविवारी मी हट्टानं बरोबर गेले. दीड तासाचा रस्ता, दोन्ही बाजूंना लाल-पिवळी झाडं. आईनं हेलनआजींसाठी मऊसं काही म्हणून श्रीखंडाचा डबा दिला होता, तो माझ्या मांडीवर.

हेलनआजी खिडकीजवळच्या खुर्चीत होत्या. अंगानं अगदी बारक्या, पण हात मोठे, सांधे सुजलेले. वॉल्टरकाकांनी टॉवेल उलगडून दस्ता त्यांच्या मांडीवर ठेवला. काय आहे ते सांगितलं नाही. सांगण्यासारखं उरलं तरी काय होतं? आजी बराच वेळ खिडकीबाहेरच बघत राहिल्या. मग त्यांचा हात आपोआप लाकडावर आला, उजवा अंगठा खोबणीत गेला आणि पुढून मागे सरकला. तिथून तो वरच्या कडेवर आला, थांबला, मागे गेला, पुन्हा तिथेच थांबला. त्यांनी मान वळवली. त्यांचा चेहरा एकदम जागा झाला होता.

"कड खाली गेलीय," त्या म्हणाल्या. "हा मी पास केलेला नाही."

"हो, मॉम," वॉल्टरकाका म्हणाले.

"कुणाचं काम आहे हे?"

वॉल्टरकाकांनी बाबांकडे पाहिलं. बाबा पुढे झाले, आणि ते तोंड उघडणार तेवढ्यात मी म्हणाले, "माझं. मी केलं. बाबा घरी नव्हते. त्यांना माहीतसुद्धा नव्हतं."

मी हे हेलनआजींना सांगत होते, पण बोलले वॉल्टरकाकांकडे बघून. आजींनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"कुणी सांगितलं घासायला?"

"कुणी नाही. मला वाटलं घाण आहे."

"नवीन आहेस?"

मी दस्त्याकडे पाहिलं. "हो," म्हणाले.

"नवीन मुली फार घासतात," आजी म्हणाल्या. रागानं नाही, रोजचं बोलणं असावं तसं. "हात हलका ठेव. लाकूड गेलं की परत येत नाही." दस्ता त्यांनी मुलाच्या हातात दिला. "हा परत पाठव." मग त्या पुन्हा खिडकीकडे वळल्या. श्रीखंड मी चमच्यानं भरवलं. त्यांनी दोन चमचे खाल्लं आणि तिसऱ्याला ओठ मिटले. आम्ही कोण होतो हे तोवर त्यांच्या मनातून गेलं होतं.

बाहेर पार्किंगमध्ये वॉल्टरकाका बाबांसमोर उभे राहिले. "काल घरी जाऊन मी विचार करत होतो," ते म्हणाले, "की या माणसाला मी ओळखतच नव्हतो."

"ती माझी मुलगी आहे, वॉल्टर," बाबा म्हणाले.

"ते बरोबर आहे. पण मला खोटं सांगायला नको होतंस." त्यांनी बाबांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मग माझ्याकडे वळले. "बावीस वर्षं शोधत होतो," एवढंच म्हणाले. मी सॉरी म्हटलं, मराठीत की इंग्रजीत ते आठवत नाही. त्यांनी मान हलवली. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. आज बाबा नाहीत, वॉल्टरकाकाही नाहीत, आणि या वयात मला वाटतं की ते म्हणाले नाहीत हेच प्रामाणिक होतं. मी चूक न कळत केली होती, पण जिन्यात गप्प राहिले ते चांगलं कळत असताना, आणि त्याची माफी मी त्यांच्याकडे कधी मागितलीच नाही.

हेलनआजी त्या हिवाळ्यात गेल्या. वॉल्टरकाका आमच्याकडे येत राहिले, अगदी पूर्वीसारखे, दर दुसऱ्या शनिवारी. पोहे खात, माझ्या परीक्षांची चौकशी करत, बाबांबरोबर बेसमेंटमध्ये तासन् तास बसत. कधी त्यांचं काम अर्धवट राही आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा यायचं ठरे. तरी निघताना ते आपल्या कार्बाइनचे सगळे भाग जोडत, पेटी बंद करत आणि स्वतः उचलून बरोबर नेत. बाबा त्यांना गाडीपर्यंत सोडायला जात, पण पेटी घ्यायला कधी हात पुढे करत नसत.